आवाज येतो, पाणी येत नाही : १९७२च्या एमजीबीच्या वॉशर पंपाचं प्रकरण

गाडी एमजीबी रोडस्टर, म्हणजे छत उघडता येणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७२ची, अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली, स्टिअरिंग डावीकडे. सध्या न्यू जर्सीत एका मराठी मालकाकडे आहे. तक्रार अशी : समोरच्या काचेवर पाणी उडवणाऱ्या वॉशरची कळ दाबली की बॉनेटखालून मोटरचा आवाज येतो, पण काचेवर पाण्याचा थेंब पडत नाही. आधीच्या मालकाने पंप बदलला होता. आताच्या मालकाने पुन्हा एकदा नवा पंप बसवला. लक्षण जसंच्या तसं राहिलं.

ही तक्रार जुन्या गाड्यांमध्ये फार सर्रास आढळते आणि पंप बदलण्याचा उपायही तितकाच सर्रास होतो. पंप स्वस्त असतो, दोन स्क्रू आणि दोन वायरी एवढंच काम असतं, म्हणून आधी त्यालाच हात लागतो. या गाडीत तीन वेगवेगळे दोष एकावर एक बसले होते आणि त्यातला एकही पंपाच्या आत नव्हता. ते कोणत्या क्रमाने सापडले, प्रत्येक टप्प्यावर काय मोजलं आणि त्या आकड्याचा अर्थ काय लावला, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

गाडीबद्दल जेवढं लागतं तेवढं

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकेला गेला. तिथे वायपर आणि वॉशरबाबतचं संघीय मानक १९६८पासून लागू झालं. एमजीबीच्या बुटक्या, रुंद काचेचा पुरेसा भाग पुसला जावा म्हणून पुढे अमेरिकी रोडस्टरला दोनाऐवजी तीन वायपर आले. अगदी जुन्या एमजीबींना डॅशबोर्डवर हाताने दाबायचा वॉशर पंप असे. या गाडीला विजेचा आहे.

विजेचा रस्ता सोपा आहे. इग्निशन चालू केल्यावर फ्यूजमधून हिरव्या वायरीने वीज स्टिअरिंग कॉलमवरच्या स्विचपर्यंत येते. तिथून पंपाकडे जाणारी वायर फिकट हिरवी असते आणि तिच्यावर काळी रेघ असते. पंपाची दुसरी वायर काळी, ती बॉडीला अर्थ. ब्रिटिश गाड्यांचे हे रंग ठरलेले आहेत, त्यामुळे जुन्या वायरिंगमध्येही त्यांचा माग काढता येतो. फक्त रंग विटलेला असतो. चिंधीला थोडं स्पिरिट लावून वायर पुसली की रेघ दिसते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी इथेच सांगायला हव्यात. १९६७च्या शरद ऋतूपर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, त्यानंतरच्या निगेटिव्ह अर्थच्या. वॉशरच्या मोटरमध्ये कायम चुंबक असतो, म्हणून वायरी उलट लावल्या की ती उलटी फिरते. आवाज अगदी निरोगी येतो, पाणी मात्र नावालाच किंवा अजिबात नाही. जुनी, किंवा अर्थ बदलून घेतलेली गाडी असेल तर ही पहिली शंका घ्यावी. दुसरं म्हणजे १९७७च्या मॉडेलपासून वायरिंगमध्ये बरेच बदल झाले. आपल्या वर्षाचा नकाशा समोर ठेवूनच काम करावं.

पहिली दहा मिनिटं : हत्याराशिवाय

इग्निशन चालू, इंजिन बंद. ब्रेक दाबून मागचे दिवे पाहिले, इंडिकेटर लावले, पेट्रोलचा काटा वर येतो का पाहिलं. या गाडीत हे सगळं त्याच हिरव्या वायरीच्या फ्यूजवर आहे. सगळं चालत होतं, म्हणजे फ्यूज शाबूत होता. तरी पेटी उघडून फ्यूज बाहेर काढलाच, आणि ते बरं झालं. आत ३५ ॲम्पिअर लिहिलेला अमेरिकी काचेचा फ्यूज होता. ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा तो किती करंटला उडतो ते सांगतो. सतत वाहून न्यायची त्याची क्षमता १७ ॲम्पिअरच असते. अमेरिकी फ्यूजवरचा आकडा सतत वाहण्याचा असतो. म्हणजे आकडे जुळवून बसवलेला हा फ्यूज मूळच्या दुप्पट ढिला ठरतो, आणि शॉर्ट झालं तर फ्यूजच्या आधी हिरवी वायर तापते. त्या जागी २० ॲम्पिअरचा अमेरिकी फ्यूज बसवला. लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो, पण स्प्रिंगच्या क्लिपमध्ये तो बसतो. वॉशरच्या तक्रारीशी याचा संबंध नव्हता, तरी हे तसंच सोडण्यासारखं नव्हतं.

मग कान लावला. कळ दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर दोष विजेचा किंवा मोटर जॅम. जड, घुसमटलेला ‘हं’ असा आवाज येत असेल, तर मोटर अडकली आहे किंवा पुढची नळी बंद आहे. हलका, मोकळा, थोडा चढा आवाज म्हणजे मोटर हवेत फिरते आहे, तिच्या पोटात पाणीच नाही. इथे आवाज हलका तर होता, पण मंद होता. हवेत फिरणाऱ्या मोटरचा आवाज खरं तर चढायला हवा. हलका आणि तरीही मंद, हे दोन्ही एकत्र आले तेव्हाच दोष एकापेक्षा जास्त असणार असं वाटलं. एक पाण्याच्या बाजूला, एक विजेच्या बाजूला.

म्हणून दोन्ही बाजू पूर्ण वेगळ्या करून तपासल्या. पाणी आणि वीज एकदम तपासायला घेतली की माणूस गोल गोल फिरत राहतो.

वीज : पंप जोडलेला असतानाच मोजायचं

पंपाची वायर काढून तिच्या टोकावर मल्टिमीटर लावला तर १२.३ व्होल्ट दिसले. इथेच बहुतेक जण वीज ठीक आहे असं म्हणून पुढे जातात. भार नसताना गंजलेल्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. मोजमाप पंप जोडलेला आणि चालू असताना घ्यायचं. स्विच दाबायला दुसरा माणूस हवा आणि मीटरच्या वायरींना मगरीच्या तोंडाचे क्लिप हवेत. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये. हे पंप सतत चालण्यासाठी बनलेले नसतात आणि कोरडे फिरले की त्यांचं सील झिजतं.

या वर्षाच्या गाडीत सीटच्या मागे, झाकणाखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एकाच बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावला तर सहाच्या आसपास आकडा येतो आणि उगाच घाबरायला होतं. जी केबल बॉडीला बोल्टने बांधलेली आहे ते टोक आणि दुसऱ्या बॅटरीचं पुढे जाणारं टोक, यांच्यामध्ये मोजायचं. पुढच्या बॉनेटपासून मागपर्यंत पोचायला तीन मीटर लांब साधी वायर लागते, ती तयार ठेवावी.

पंप चालू असताना आलेले आकडे असे :

बॅटरीवर १२.४ व्होल्ट. पंपाच्या दोन टोकांवर ८.६. म्हणजे ३.८ व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवत होते. ते कुठे, हे शोधायला एक टोक पंपाच्या काळ्या वायरीवर आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ टोकावर लावलं. आकडा आला २.९ व्होल्ट. उरलेले ०.९ स्विचच्या बाजूला, म्हणजे फ्यूजच्या क्लिपा, बुलेट जोड (गोळीच्या आकाराची वायरींची टोकं बाहीत घुसवून केलेले जोड) आणि स्विचचे संपर्क यांच्यात. करंट १.४ ॲम्पिअर होता.

२.९ व्होल्ट भागिले १.४ ॲम्पिअर, म्हणजे अर्थच्या जोडात सुमारे दोन ओमचा अडथळा. चांगल्या अर्थवर इतक्या छोट्या मोटरसाठी ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको, आणि पुरवठ्याच्या बाजूला ०.५पर्यंत चालून जातं. ओम मोजून हे काम करू नये. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा काही दशांश ओम असतो. शिवाय ओम मोजताना मीटर अगदी क्षीण करंट सोडतो. जो जोड तेवढा करंट वाहून नेतो तो दोन ॲम्पिअर नेईलच असं नाही. पडलेलं व्होल्टेज मोजलं की जोडाची खरी लायकी कळते.

याचा पाण्यावर परिणाम किती? या प्रकारचा पंप केंद्रोत्सारी असतो, आत पंख्यासारखी चकती फिरते. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आलं तर वेगही साधारण तितकाच उतरतो आणि दाब निम्म्यावर येतो. तेव्हा मोटर फिरते, आवाज करते, पण पाणी काचेच्या खालच्या रबरापर्यंत कसंबसं पोचतं.

पंप बाकावर

नवा पंप गाडीतून काढून बादलीत धरला आणि बॅटरीवरून थेट वीज दिली. पाच सेकंदांत मापाच्या भांड्यात १४० मिलिलिटर पाणी आलं, करंट २.६ ॲम्पिअर. पाण्याबाहेर कोरडा फिरवला तर करंट १.७वर आला. पंप निर्दोष होता. जुना, काढून ठेवलेला पंपही मालकाकडे होता. तो तासभर व्हिनेगरमध्ये ठेवून, स्वच्छ पाण्याने धुऊन तसाच चालवला, तर त्यानेही जवळपास तेवढंच पाणी दिलं. दोनदा पंप बदलण्याची गरज नव्हती, हे इथे स्पष्ट झालं.

कोरड्या आणि ओल्या करंटमधला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. केंद्रोत्सारी पंप हवेत फिरताना कमी करंट घेतो, कारण ढकलायला काही नसतं. व्होल्टेज पुरेसं असूनही करंट कमी असेल तर पंपात पाणी पोचत नाही आहे. दिशा तपासायची तर बादलीतच तपासावी. वायरी उलट केल्यावर पाणी घटलं तर आधीची जोडणी बरोबर होती. इथे ती बरोबरच होती.

पाणी : एकदाच उडालं

गाडीवर पंप ज्या जागी बसवला होता ती जागा पाहिल्यावर मुख्य दोषाचा अंदाज आला. पंप इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या आडव्या भिंतीच्या पत्र्यावर, बाटलीच्या झाकणापेक्षाही वर होता. बाटलीतून पाणी खालून निघत नव्हतं. झाकणातून तळापर्यंत गेलेल्या नळीने पंपाला ते वर ओढून घ्यायचं होतं.

केंद्रोत्सारी पंप पाणी ढकलतो. हवा ओढून स्वतःसाठी पाणी वर आणण्याची ताकद त्याच्यात नसते. सर्व गाड्यांना चालतो म्हणून विकला जाणारा पंप बहुतेकदा असाच असतो. आधुनिक गाड्यांत तो बाटलीच्या तळाशी रबरी बूच घालून खुपसलेला असतो, त्यामुळे त्याचं पोट कायम भरलेलं राहतं. तोच पंप बाटलीच्या वर बसवला की त्याला पाणी चढवून देणारं कोणी उरत नाही.

खात्री करायला साधी चाचणी केली. पंपाच्या बाहेर जाणारी नळी काढली आणि २० मिलिलिटरच्या सिरिंजने तिथून उलट पाणी भरलं, बाटलीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत. नळी जोडून कळ दाबली. पाणी उडालं. दोन-तीन वेळा दाबलं, प्रत्येक वेळी उडालं. मग दहा मिनिटं गाडीला हात लावला नाही. पुन्हा दाबलं, कोरडं.

घडत होतं ते असं. पंप थांबला की नळीतलं पाणी बाटलीतल्या पातळीकडे परत जायला पाहतं. वर जेटच्या, म्हणजे काचेवर पाणी उडवणाऱ्या तोटीच्या, छिद्रातून हवा आत येते, पाण्याचा स्तंभ हळूहळू उतरतो आणि पंपातून जात जात तोही रिकामा करतो. बाटलीच्या नळीच्या टोकाशी एकमार्गी झडप असती तर स्तंभ अडला असता. ती नव्हती. नळीच्या टोकाला नुसती जाळी होती, तीही हिरव्या शेवाळाने अर्धी भरलेली. तात्पुरती पारदर्शक नळी लावली तर हे उतरणारं पाणी डोळ्यांनी दिसतं, आणि मालकाला समजावून सांगायला त्याहून चांगलं काही नाही.

ओढून घेणाऱ्या बाजूला हवेची गळती आहे का तेही पाहिलं. बाटलीकडचं टोक बोटाने बंद करून पंपाकडच्या टोकाला सिरिंज लावायची आणि दट्ट्या थोडा ओढून धरायचा. सोडल्यावर तो आपोआप मागे गेला तर नळी सीलबंद. इथे तो गेला नाही. झाकणातून नळी जिथे वळते तिथे प्लास्टिक कडक होऊन केसासारखी चीर पडली होती. पाणी गळण्याइतकी ती मोठी नव्हती, म्हणून कधी दिसली नाही. हवा मात्र तिच्यातून सहज आत येत होती. दाबाच्या बाजूची गळती ओल दाखवते, ओढीच्या बाजूची गळती काहीच दाखवत नाही. म्हणून ही चाचणी टाळू नये.

शेवटी जेट. नळी सोडवून त्यांच्यात सिरिंजने पाणी ढकललं. एकातून बारीक धार आली, दुसऱ्यातून नुसता ओलावा. क्षार.

दुरुस्ती

अर्थ आधी. पंपाची काळी वायर ज्या बोल्टला बांधली होती तो खोलला तर रिंग टर्मिनलखाली गुळगुळीत, अखंड रंग होता. गाडी कधीतरी पूर्ण रंगवली गेली होती आणि अर्थची जागा न झाकता त्यावरही फवारा मारला गेला होता. वीज फक्त बोल्टच्या आट्यांतून जात होती, आणि आट्यांतही रंग होता. रिस्टोर केलेल्या गाड्यांमध्ये विजेच्या तक्रारी रंगकामानंतर सुरू होतात त्याचं हे मोठं कारण आहे. वायरिंगला बोल लावण्याआधी अर्थचे बोल्ट उघडून पाहावेत.

पॉलिश पेपरने बोल्टभोवती रुपयाच्या नाण्याएवढी जागा चकचकीत पत्र्यापर्यंत घासली. रिंग टर्मिनल नवं दाबून बसवलं, त्याखाली दातेरी वायसर, मग बोल्ट घट्ट. व्हॅसलीन सगळ्यात शेवटी, बाहेरून. आधी लावलं तर धातूला धातू लागण्याच्या आड येतं. एमजीबीवरचे बहुतेक बारीक बोल्ट इंची मापाच्या बारीक आट्यांचे आहेत. मिलिमीटरचा बोल्ट बळजबरीने फिरवला तर पत्र्यातले आटे जातात.

पुरवठ्याच्या बाजूला बुलेट जोड उघडले. रबराच्या नळकांड्यातल्या पितळी बाहीवर हिरवट गंज होता. बुलेट पितळी ब्रशने घासले, बाह्या नव्या घातल्या. जुनी बाही दाबून घट्ट करायच्या भानगडीत पडू नये. तिची स्प्रिंग गेलेली असते आणि ती काही महिन्यांत पुन्हा सैल होते. स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून तो वीस-पंचवीस वेळा दाबला.

पुन्हा मोजलं : बॅटरी १२.४, पंपावर ११.९. अर्थमध्ये ०.१, पुरवठ्यात ०.४.

पंपाच्या जागेबाबत दोन रस्ते होते. पंप आहे तिथे ठेवून बाटलीतल्या नळीच्या टोकाला एकमार्गी झडप घालायची, किंवा पंप खाली आणायचा. झडपेचा रस्ता सोपा आहे आणि गाडी दाखवण्यासाठी अगदी मूळ रूपात ठेवायची असेल तर तोच घ्यावा. पण झडपेला शेवाळाचा एक धागा पुरतो, ती अर्धवट उघडी राहते आणि तक्रार परत येते. मत्स्यालयाच्या पंपाला लावतात त्या स्वस्त झडपांचा रबर वॉशरच्या स्पिरिटयुक्त द्रवात फुगू शकतो. झडप घालायचीच तर गाडीच्या वॉशरसाठी बनलेली घ्यावी आणि बाण पंपाकडे ठेवावा.

इथे पंप खाली आणला, बाटलीच्या तळाच्या पातळीला. पत्र्यात नवं छिद्र पाडलं नाही. बाटलीच्या ब्रॅकेटच्याच बोल्टला रबरी अस्तराचा क्लिप लावून पंप त्यात धरला. पंपाचं बाहेर जाणारं तोंड वरच्या बाजूला ठेवलं, म्हणजे आत अडकलेली हवा स्वतःहून निघून जाते. एग्झॉस्टपासून तो दूर राहील हेही पाहिलं. पंप पाण्याच्या पातळीखाली असला की नळी झाकणातून वर जाऊन पुन्हा खाली येते तरी बिघडत नाही. एकदा भरली की ती सायफनसारखी काम करते आणि पंप भरलेला राहतो. अट एकच, ही नळी पूर्ण हवाबंद हवी. म्हणून चिरलेली नळी बदलणं इथे अनिवार्य होतं. बाटली पूर्ण रिकामी होऊ दिली तर मात्र हवा शिरते आणि सिरिंजने पुन्हा भरावं लागतं. हे मालकाला सांगून ठेवलं.

पुढच्या नळ्याही बदलल्या. आतला व्यास साधारण ४ मिलिमीटर, लांबी दोन मीटर पुरली, दोन जेटकडे फाटा फोडणारा टी-जोड नवा. नळीचं टोक गरम पाण्यात अर्धं मिनिट धरलं की मऊ होऊन जोडावर चढतं. तेल किंवा ग्रीस लावून चढवू नये, ते सरळ काचेवर जातं. टी-जोडापासून दोन्ही जेटपर्यंतच्या नळ्या शक्य तितक्या सारख्या लांबीच्या ठेवल्या.

जेट काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तीन तास ठेवले. रात्रभर ठेवू नयेत, क्रोमची चकाकी जाते. मग वायरीतली तांब्याची एक तार छिद्रात घालून हलवली. शिवणकामाची सुई वापरण्याचा मोह होतो, पण पोलादापुढे पितळ मऊ पडतं. छिद्र जरा मोठं झालं की धार जाड आणि आखूड होते आणि ते पुन्हा लहान करता येत नाही. हवा मारायची तर जेटच्या तोंडाकडून मागे, म्हणजे कचरा रुंद बाजूने बाहेर पडतो. जेट नळीला जोडलेला असताना कॉम्प्रेसरची हवा मारली तर आतले सगळे जोड एकामागे एक सुटतात.

सगळं जोडल्यावर टी-जोडाच्या अलीकडे पाच सेकंदांत १२५ मिलिलिटर आणि दोन्ही जेटमधून मिळून साधारण ५० मिलिलिटर पाणी आलं. मुख्य म्हणजे गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी कळ दाबली तेव्हा पहिल्या सेकंदातच काचेवर धार होती. या दुरुस्तीची खरी परीक्षा हीच. लगेच केलेल्या चाचणीत भरलेल्या नळीमुळे दोषी पंपही पास होतो.

बाटलीत काय भरायचं

नुसतं नळाचं पाणी भरलं की क्षार आणि शेवाळ दोन्ही येतात. या गाडीत दोन्ही आले होते. भांडी घासायचा साबण टाकू नये. त्याचा फेस बाटलीत राहतो आणि पंप फेस ओढतो, म्हणजे पुन्हा हवाच. इंजिनचं कूलंट तर अजिबात नको. ते काचेवर चिकट थर सोडतं, रंगाला चांगलं नाही आणि विषारी आहे.

न्यू जर्सीच्या थंडीत साधं पाणी गोठून पंपाचं कवच आणि टी-जोड फोडतं. तिथे उणे तापमानाचा वॉशर द्रव भरावाच लागतो. तो बहुतेक वेळा मिथेनॉलचा असतो, म्हणून मुलांपासून दूर ठेवावा आणि तोंडाने नळी ओढून भरण्याचा प्रयत्न करू नये. एक चूक मोठ्या प्रमाणावर होते : बाटलीतलं पाणी बदलतात, पण नळीत आणि पंपात जुनं पाणी तसंच राहतं आणि पहिल्या कडाक्यात तेच गोठतं. नवा द्रव भरल्यावर जेटमधून त्याचा रंग दिसेपर्यंत कळ दाबायची.

मुंबई, पुणे किंवा गोव्यात ज्यांच्याकडे अशा जुन्या ब्रिटिश गाड्या आहेत त्यांना गोठण्याची चिंता नाही, क्षारांची आहे. बोअरचं पाणी भरलं तर जेट लवकर बुजतात. घरच्या आरओचं फेकून द्यायचं पाणी वापरण्याची काटकसर इथे उलटी पडते, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त मिळतं, तेच भरावं. किनाऱ्याजवळच्या गाड्यांचे बुलेट जोड खाऱ्या हवेने लवकर हिरवे पडतात. पावसाळ्याआधी ते उघडून पाहिलेले बरे, कारण वॉशरची खरी गरज पडते ती पाऊस थांबलेला असताना ट्रकने उडवलेल्या चिखलाच्या वेळी.

जेटचा नेम

उभ्या गाडीत धार काचेच्या मधोमध पडत असेल तर ती चालत्या गाडीत खाली पडेल. ताशी ८०-१०० किलोमीटरला समोरची हवा धार दाबते. म्हणून उभ्या गाडीत नेम वायपरच्या कक्षेच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवला. त्याहून वर नेला तर रोडस्टरचं छत खाली असताना पाणी काचेवरून थेट चालकाच्या कपाळावर येतं. जेट फिरवताना नळी आत पिळली जात नाही ना ते खालून हात घालून पाहावं. पिळलेली नळी दोन दिवस चालते आणि मग एकाच बाजूची धार बारीक होते. नेम जमल्यावर काचेवर मेणाच्या पेन्सिलीने दोन खुणा करून ठेवल्या आणि मालकाने महामार्गावर एक चक्कर मारून आल्यावर डावा जेट अर्ध्या बोटाने वर घेतला.